ऊस, मायकोरायझा आणि स्फुरद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊस लावताना मायकोरायझा टाकू का, टाकला तर स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत बंद करू का, हे दोन प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात सारखे येत राहतात. खाली नेहमीचे प्रश्न एकत्र केलेत. आधीच सांगतो, एका ओळीचं उत्तर शोधत असाल तर ते इथे मिळणार नाही, कारण उत्तर तुमच्या मातीच्या रिपोर्टवर अवलंबून आहे.

मायकोरायझा म्हणजे नक्की काय हो? आणि ही बुरशी म्हणजे रोग नाही का?

नाही, रोगाची बुरशी वेगळी. ही मुळांवर आणि मुळांच्या आत राहणारी उपयोगी बुरशी आहे आणि जमिनीवरच्या बहुतेक झाडांच्या मुळात ती सापडते, साधारण ७० टक्क्यांहून जास्त वनस्पतींच्या. काही जण अजून जुन्या नावाने व्हॅम म्हणतात, तेच हे. उसाच्या मुळात ती आपोआप येतेच, त्यामुळे आपण काही नवीन प्राणी शेतात आणतोय असं समजू नका. ही जोडी जुनी पण किती, तर स्कॉटलंडमधल्या ४० कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत जतन झालेल्या वनस्पतींमध्येसुद्धा ही बुरशी दिसलेली आहे. म्हणजे ऊस तर सोडाच, गवतसुद्धा पृथ्वीवर नव्हतं तेव्हापासूनचं हे नातं आहे.

काम असं चालतं. बुरशीचा धागा मुळाच्या सालीत शिरतो, तिथल्या पेशींमध्ये झुडपासारख्या बारीक फांद्या करतो आणि देवाणघेवाण तिथेच होते. बुरशी बाहेरून स्फुरद, थोडं जस्त, तांबं, काही नत्र (नायट्रोजन) असं आणून देते आणि बदल्यात झाडाने बनवलेली साखर आणि स्निग्ध पदार्थ घेते. ती स्वतः फॅटी अॅसिड बनवूच शकत नाही, हे २०१७ च्या सुमारास नीट समोर आलं, त्यामुळे जिवंत मुळाशिवाय तिला आयुष्यच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे प्रॉडक्ट घेताना आणि घरी वाढवताना तोच कामाला येतो.

मग ही बुरशी स्फुरद तयार करते का?

अजिबात नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि विकणारे लोक तो मुद्दाम तसाच राहू देतात असं मला वाटतं. रायझोबियम हवेतला नत्र घेतं, कारण हवेत नत्र आहे. स्फुरद हवेत नाही. ते जमिनीत असेल तर असेल, नाहीतर आपण टाकायचं. बुरशी फक्त वाहतूक करते, जिथे मूळ पोचत नाही तिथून आणून देते. जमिनीत स्फुरदच नसेल तर ती तरी आणणार कुठून?

जमिनीत स्फुरद भरपूर आहे असं म्हणतात, मग उसाला मिळत का नाही?

एकूण स्फुरद आणि उपलब्ध स्फुरद ह्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. चुनखडीच्या, जास्त सामू (पीएच) असलेल्या जमिनीत ते कॅल्शियमबरोबर बांधलं जातं, आंबट लाल जमिनीत लोह आणि अॅल्युमिनियम त्याला धरून बसतात. मातीतल्या पाण्यात विरघळलेलं असं स्फुरद कुठल्याही क्षणी अगदी नगण्य असतं. सामू साधारण ६ ते ७ च्या मध्ये असेल तर त्यातल्या त्यात बरं. म्हणून आपण खत टाकतो त्यातला थोडाच भाग, ढोबळ मानाने १० ते २५ टक्के, पहिल्या पिकाला मिळतो आणि बाकीचं जमिनीत साठून राहतं. ते वाया गेलं असं नाही पण लगेच हाताला लागत नाही.

दुसरी अडचण म्हणजे स्फुरद मातीत हलत नाही. युरिया पाण्याबरोबर खाली वाहून जातो, स्फुरद जिथे पडलं तिथेच बसतं, फार तर काही मिलीमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटर. मूळ आपल्या आजूबाजूचं एक-दोन मिलीमीटरमधलं स्फुरद ओढून घेतं आणि मग तेवढा भाग रिकामा होतो, त्याच्या पलीकडे माल आहे पण मुळाचा हात पोचत नाही. बुरशीचा धागा केसमुळापेक्षाही बारीक असतो, मातीच्या कणांमधल्या ज्या फटीत केसमूळ जात नाही तिथे तो जातो आणि तो रिकामा भाग ओलांडून काही सेंटिमीटर पलीकडून माल आणतो. फायदा एवढाच आहे पण तो एवढाच फायदा मोठा आहे.

उसाला स्फुरद कधी लागतं?

सुरुवातीला. उगवण आणि फुटवे ह्या काळात, म्हणजे पहिल्या चार महिन्यांत जी मुळं आणि फुटवे होतील त्यावरच पुढचं सगळं. उशिरा टाकलेलं स्फुरद फुटव्यांची संख्या वाढवत नाही, ती वेळ निघून गेलेली असते.

इथे उसाच्या मुळांची एक गंमत समजून घ्यायला हवी. टिपरी (लागणीसाठी तोडलेली उसाची कांडी) लावली की आधी कांडीवरच्या पट्ट्यातून बारीक, फाटे फुटलेली मुळं येतात, ती बेण्याची मुळं. ती तात्पुरती असतात. मग कोंब वर आल्यावर त्याच्या बुडातून जाड पांढरी मुळं फुटतात आणि दीड-दोन महिन्यांत सगळा कारभार ती हातात घेतात, बेण्याची मुळं काळी पडून मरतात. म्हणजे बुरशी नुसती टिपरीवर चोपडून उपयोग कमी, ती अशा ठिकाणी हवी की नंतर येणारी कोंबाची मुळं तिच्यातून जातील. टिपरीच्या खाली आणि बाजूला. बरेच जण हेच चुकवतात आणि मग म्हणतात की फरक पडला नाही.

जमिनीत ही बुरशी आधीच असते म्हणता, मग विकत कशाला आणायची?

योग्य प्रश्न, आणि ह्याचं खरं उत्तर असं की बऱ्याच शेतांत आणायची गरज नसते. वर्षानुवर्षं ऊस, ज्वारी, मका असली पिकं घेतलेल्या, फार नांगरट न केलेल्या जमिनीत गावठी बुरशी पुरेशी असते आणि बाहेरून आणलेली तिच्याशी स्पर्धेत टिकेलच असं नाही. कुंडीत, निर्जंतुक केलेल्या मातीत मायकोरायझाचे निकाल डोळे दिपवणारे येतात. शेतात तेच निकाल कधी चांगले, कधी मध्यम, कधी शून्य. पॅकेटवरचा फोटो बहुधा कुंडीतल्या प्रयोगाचा असतो हे ध्यानात ठेवा.

बाहेरून टाकण्याचा फायदा कुठे जास्त, तर जिथे गावठी बुरशी कमी झालेली आहे: गाळ किंवा खालची माती वर आणून नवीन सपाट केलेली जमीन, बराच काळ पडीक आणि उघडी राहिलेली किंवा महिनोन्‌महिने पाणी साचलेली जमीन, मातीला धुरी देऊन निर्जंतुक केलेला प्लॉट, आणि कोकोपीटच्या ट्रेमधली रोपं, कारण कोकोपीटमध्ये ही बुरशी नसतेच. शिवाय मोहरी, कोबी, मुळा, पालक, बीट ह्या पिकांच्या मुळाशी मायकोरायझाचं जमत नाही, त्यामुळे अशा पिकानंतर ऊस असेल तर जमिनीत बीजाणू कमी झालेले असतात. (साखरेचीच दोन पिकं, ऊस आणि शुगर बीट, पण एकाला ही बुरशी चालते आणि दुसऱ्याला नाही.)

मायकोरायझा टाकला तर स्फुरदाचा डोस किती कमी करायचा?

सरसकट "निम्मा करा" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आधी माती तपासा. रिपोर्ट हातात आला की दोन गोष्टी बघा. पहिली, स्फुरद पी (नुसतं फॉस्फरस) म्हणून दिलंय की पी२ओ५ (त्याचं ऑक्साइड) म्हणून, कारण पीला २.२९ ने गुणलं की पी२ओ५ येतं आणि इथे घोळ झाला तर सगळा हिशेब दुपटीच्या वर चुकतो. दुसरी, आकडा पीपीएममध्ये (दहा लाखात किती भाग) आहे की हेक्टरी किलोमध्ये. वरच्या १५ सेंटिमीटर मातीसाठी पीपीएमला २.२४ ने गुणलं की ढोबळ हेक्टरी किलो मिळतात, म्हणजे १० पीपीएम हे साधारण २२ किलो झाले. तपासणीची पद्धतही बघा, जास्त सामूच्या जमिनीला ओल्सेन आणि आंबट जमिनीला ब्रे पद्धत लावतात, दोन्हीचे आकडे एकमेकांशी तुलना करायचे नसतात. म्हणून मी म्हणतो की आकड्यापेक्षा लॅबने लिहिलेलं कमी, मध्यम, जास्त हे धरा.

आता माझं मत. स्फुरद कमी असेल तर शिफारशीचा डोस पूर्ण द्या आणि बुरशीही टाका, इथे खत कापायचा मोह टाळा कारण आणायला मालच नाहीये. मध्यम असेल तर पाव भाग कमी करून बघायला हरकत नाही, पण सगळ्या रानात एकदम नको, आधी काही सऱ्यांवर. आणि जास्त असेल तर स्फुरद फक्त लागणीला थोडं द्या किंवा देऊच नका, आणि तिथे मायकोरायझावर पैसे घालवण्यातही अर्थ कमी, कारण पोट भरलेलं झाड बुरशीला विचारतच नाही.

हिशेब कसा करायचा ते एकदा करून बघू. समजा तुमची शिफारस हेक्टरी ६० किलो पी२ओ५ आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के असतं, म्हणजे ६० भागिले ०.१६ बरोबर ३७५ किलो, पन्नास किलोच्या साडेसात बॅगा. डीएपीत (डायअमोनियम फॉस्फेट) ४६ टक्के, म्हणजे साधारण १३० किलो, आणि त्यातून २३ किलोच्या वर नत्रही आलं, ते नत्राच्या डोसातून वजा करायला विसरू नका. पाव भाग कापला तर ४५ किलो राहिले, म्हणजे सुपर २८१ किलो किंवा डीएपी ९८ किलोच्या आसपास. प्रेसमड (साखर कारखान्यात उरणारी रसाची मळी) किंवा शेणखत टाकलं असेल तर त्यातलंही स्फुरद मोजा. प्रेसमडमध्ये तर ते चांगलंच असतं, कारण कारखान्यात रस साफ करताना चुन्याबरोबर बसलेला फॉस्फेट शेवटी त्यातच जातो.

स्फुरद थोडं जास्त टाकलं तर काय बिघडतं? उरलेलं जमिनीतच राहतं ना?

राहतं, पण तीन गोष्टी होतात. पहिली, बुरशी मुळात शिरायची कमी होते. झाडाला स्फुरद कमी पडलं की मुळं स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं रसायन मातीत सोडतात, ते लागलं की बुरशीचे धागे भराभर फांद्या करत मुळाकडे येतात. हे २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. स्फुरद भरपूर असलं की झाड हे बोलावणंच कमी करतं, आणि का करू नये, बुरशीला पोसायला साखर लागते, झाडाने बनवलेल्या अन्नातला ४ ते २० टक्के वाटा तिच्याकडे जातो असा अंदाज आहे. तेव्हा एका हाताने डीएपी ओतायचं आणि दुसऱ्या हाताने मायकोरायझाचं पॅकेट फोडायचं म्हणजे पाहुण्याला पत्रिका देऊन दाराला कुलूप लावण्यासारखं आहे. जाता जाता, उसावरचा टारफुला (मुळावर जगणारं परजीवी तण) ज्यांनी बघितलाय त्यांच्यासाठी, त्याचं बीसुद्धा मुळातून येणाऱ्या ह्याच रसायनाच्या सुगाव्याने उगवतं.

दुसरी गोष्ट, जास्त स्फुरदाने जस्ताची कमतरता येते, चुनखडीच्या जमिनीत लोहाचीही. पानं पिवळी-पांढरी पडली की लोक आणखी एक खत टाकतात आणि मूळ कारण तसंच राहतं. आणि तिसरी, पावसात माती वाहून गेली की ते स्फुरद ओढ्या-तळ्यात जातं आणि पाण्यावर हिरवा शेवाळाचा थर येतो.

कुठलं खत चांगलं, सुपर, डीएपी, रॉक फॉस्फेट की १२:६१?

सुपरमध्ये गंधक आणि कॅल्शियम फुकट मिळतं, गंधक ११ टक्क्यांच्या आसपास, म्हणून गंधक कमी असलेल्या जमिनीला मी सुपरच सांगेन. डीएपी वाहतुकीला सोपं पण टिपरीला चिकटून पडलं तर त्यातल्या अमोनियाने टिपरीच्या डोळ्याला (कोंब येतो त्या जागेला) त्रास होऊ शकतो. रॉक फॉस्फेट आंबट जमिनीतच काम करतं, चुनखडीच्या जमिनीत ते दगडच राहतं, मायकोरायझा त्याला विरघळवून देईल अशी आशा ठेवू नका. ठिबकवाल्यांना १२:६१ (पाण्यात विरघळणारं, १२ टक्के नत्र आणि ६१ टक्के पी२ओ५ असलेलं खत) ठीक, फक्त पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर ड्रीपर चोक होतात, कॅल्शियम नायट्रेटबरोबर तर एका टाकीत कधीच मिसळू नका.

प्रत्यक्ष लागणीला कसं टाकायचं?

सरीच्या तळाशी आधी खत पट्ट्यात टाका, कारण पसरून फेकलेलं स्फुरद जास्त मातीला लागतं आणि जास्त बांधलं जातं. त्यावर दोन-तीन बोटं माती ओढा. मग मायकोरायझा चाळलेल्या कुजलेल्या शेणखतात किंवा बारीक मातीत मिसळून टिपरी जिथे बसणार त्या ओळीत टाका, वर टिपरी, वर माती. खत आणि बुरशी एकमेकांना चिकटून नकोत, सुपरचा दाणा ओला झाला की त्याच्या भोवतीचं पाणी अगदी आंबट होतं आणि क्षारही वाढतात. किती टाकायचं हे लेबलवर बघा, कारण प्रत्येक प्रॉडक्टची ताकद वेगळी असते, "एकरी इतके किलो" हा आकडा एका कंपनीचा दुसऱ्याला लागू होत नाही. टाकल्यावर उन्हात उघडं ठेवू नका, लगेच झाका आणि आंबवणीचं (लागणीनंतरचं हलकं) पाणी द्या.

रोप लागण करत असाल तर मात्र नर्सरीतच टाका, माझ्या मते पैसे वसूल व्हायची हीच सगळ्यात खात्रीची जागा. ट्रेच्या कपात थोडंसं पुरतं, एक-डोळा टिपरीच्या खाली, येणारं प्रत्येक मूळ त्यातून जातं आणि रोप शेतात जाताना बुरशी बरोबर घेऊन जातं. महिनाभरात मुळात ती शिरलेली असते. फक्त एक करा, त्या महिन्यात ट्रेवर १२:६१ किंवा १९:१९:१९ च्या जोरदार फवारण्या-आळवण्या मारू नका, रोप हिरवंगार दिसेल पण मूळ मोकळंच राहील. नर्सरीवाल्याकडून रोपं घेत असाल तर हे त्याला आधी विचारा.

उभ्या पिकात द्यायचं झालं तर बाळबांधणीच्या (लहान उसाला पहिली माती लावायच्या) वेळी बुडाजवळ पहारीने भोक पाडून द्या. वरून शिंपडलेली बुरशी वरच मरते. ठिबकमधून द्यायची तर पाण्यात विरघळणारी बारीक पावडर असेल तरच, आणि फिल्टर ओलांडल्यानंतरच्या पाइपात सोडा नाहीतर अर्धे बीजाणू फिल्टरच्या जाळीत.

बेण्याला बुरशीनाशकाची प्रक्रिया केलीये, आता मायकोरायझा चालेल का?

कार्बेन्डाझिम आणि त्याच्या कुटुंबातली औषधं मायकोरायझाला मारक आहेत, इतकी की प्रयोगात ही बुरशी मुद्दाम दाबून ठेवायला संशोधक त्याच गटातलं बेनोमिल वापरत आले. प्रोपिकोनॅझोलसारखी औषधंही बरी नाहीत. पण म्हणून बेणेप्रक्रिया सोडा असं मी सांगणार नाही, लाल कूज आणि टिपरी कुजणं हे नुकसान मायकोरायझाच्या फायद्यापेक्षा कितीतरी मोठं. मार्ग असा की प्रक्रिया केलेली टिपरी नीट सुकवून लावा आणि मायकोरायझा त्यावर न चोळता बांधणीच्या वेळी, कोंबाची मुळं यायला लागली की द्या. गरम पाण्याची किंवा गरम हवेची प्रक्रिया केली असेल तर काही प्रश्नच नाही, ती मातीत उरत नाही.

पीएसबी आणि ट्रायकोडर्मा एकत्र चालतात का?

पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) चालतं, नुसतं चालत नाही तर जोडी चांगली जमते. पीएसबीचे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून बांधलेलं स्फुरद थोडं मोकळं करतात, आणि मोकळं झालेलं परत बांधलं जायच्या आत बुरशीचा धागा ते उचलतो. एकट्या पीएसबीचं काम मुळापासून लांब असेल तर ते स्फुरद पुन्हा मातीतच अडकतं.

ट्रायकोडर्मा म्हणजे मायकोरायझा नव्हे, ही वेगळी बुरशी, ती रोगाच्या बुरशीवर हल्ला करते आणि कुजलेल्या पदार्थावर मोकळी जगू शकते. शेतात दोघं नांदतात. पण पॅकेट एकाच बादलीत कालवून तासन्‌तास ठेवू नका, ट्रायकोडर्मा फार वेगाने वाढतो. आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवलं तर उत्तम. हुमणी ह्या मुळं खाणाऱ्या अळीसाठीचा मेटारायझियम हा तिसराच, तो किड्यांवर जगतो, त्याचा स्फुरदाशी संबंध जोडू नका.

खोडव्यात परत टाकायचा का?

शक्यतो नाही. खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यातून परत फुटलेल्या उसात) नांगरट नसते म्हणून धाग्यांचं जाळं बऱ्यापैकी शाबूत असतं, जुन्या मुळातली बुरशी नवीन मुळात सरकते. तुम्ही फक्त ते मोडू नका. बगला (वरंब्याच्या बाजू) फोडताना खोल आणि दोन्ही बाजूंनी बुंध्याला घासून गेलात की जाळं तुटतं, बेताने फोडा. पाचट ठेवा, जाळू नका. जाळल्याने उष्णता फार खोल जात नाही हे खरं, पण वरचा थर उघडा पडतो, ओल उडते आणि सेंद्रिय पदार्थ जातो, बुरशीला ओल आणि गारवा लागतो. खोडव्यात खरी अडचण वेगळीच आहे, स्फुरद वरून टाकलं जातं आणि वरच राहतं, पाचटावर तर ते मुळापर्यंत पोचतच नाही. पहारीने बुडख्यापासून वीतभर अंतरावर भोकं पाडून त्यात खत द्या, कष्ट आहेत पण स्फुरदाला पाय नसतात.

प्रॉडक्ट घेताना काय बघायचं?

एका ग्रॅममध्ये मूळ संसर्गित करू शकणारे जिवंत घटक किती हे लेबलवर लिहिलेलं हवं, नुसतं "बीजाणू" मोजून भागत नाही कारण मेलेला बीजाणूही मोजला जातो. प्रजातीचं नाव हवं, बहुतेक वेळा रायझोफॅगस इर्रेग्युलॅरिस, जुन्या लेबलवर ग्लोमस म्हणून असेल. तयार केल्याची तारीख बघा, दुकानात पत्र्याखाली उन्हात ठेवलेलं पॅकेट घेऊ नका. ह्यूमिक, अमिनो, सीवीड असं सगळं कालवलेलं असेल तर पीक हिरवं कशाने झालं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आणि पॅकेटवर "डीएपीला पर्याय" असं छापलं असेल तर सरळ खाली ठेवा.

घरी वाढवता येतो का?

येतो, पण गूळ-पाण्याच्या ड्रममध्ये नाही. ती टीप फिरत असते, ड्रममध्ये वेगळेच जिवाणू आणि यीस्ट वाढतं, मायकोरायझा नाही, कारण वर सांगितलं तसं त्याला जिवंत मूळ लागतं. पद्धत अशी: वाळू आणि माती मिसळून वाफवून घ्या किंवा कडक उन्हात प्लॅस्टिकखाली बरेच आठवडे तापवा, वाफ्यात किंवा कुंडीत भरा, खात्रीचा चांगला मायकोरायझा थोडा टाका, वर मका किंवा ज्वारी पेरा. स्फुरद देऊ नका किंवा अगदीच नावाला. तीनेक महिन्यांनी पाणी तोडा, आठ-दहा दिवस झाडं सुकू द्या म्हणजे बीजाणू जास्त धरतात, मग वरचा भाग कापून मुळं बारीक तोडून मातीसकट मिसळा. तोच तुमचा माल. धोका एकच, माती नीट तापवली नाही तर सूत्रकृमी आणि रोगही त्याच्याबरोबर रानभर वाटाल.

काम करतोय की नाही हे कळणार कसं?

नुसत्या डोळ्याने मुळावर दिसत नाही. पांढरी जाळी दिसली की लोक फोटो पाठवतात, ती बहुधा दुसरीच बुरशी असते. लॅबमध्ये मुळं पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून पारदर्शक करतात, निळा रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली किती टक्के मुळात बुरशी आहे ते मोजतात. रंग म्हणून साधी शाई आणि व्हिनेगरसुद्धा चालतं, म्हणजे शाळेच्या सूक्ष्मदर्शकावरही करून बघता येतं. दोन-अडीच महिन्यांच्या उसाची बारीक मुळं घ्या, जाड मुळांत काही दिसत नाही.

शेतातली परीक्षा त्याहून सोपी. चार-पाच सऱ्या न टाकता सोडा, त्याच रानाच्या मध्यात, बांधाकडेच्या नकोत. बाकी खत-पाणी सारखं. चार महिन्यांनी दोन्हीकडे दहा-दहा मीटरमधले फुटवे मोजा आणि तोडणीला वजन वेगळं करा. कंट्रोल सऱ्या न ठेवता "यंदा ऊस चांगला आला" म्हणणं म्हणजे पावसाचं श्रेय पॅकेटला देणं.

साखर उतारा वाढतो का?

उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) थेट वाढतो असं मी म्हणणार नाही. उतारा ठरतो जात, वय, शेवटचे महिने किती थंड-कोरडे गेले आणि नत्र उशिरा दिलं का ह्यावर. पण स्फुरदाचा एक संबंध कारखान्यात येतो जो शेतकऱ्यांना फारसा कोणी सांगत नाही. रसात चुना घातला की रसातल्या फॉस्फेटबरोबर त्याचा साका बनतो आणि तो साका खाली बसताना गाळ, रंग, चिकट पदार्थ बरोबर ओढून नेतो. त्यासाठी रसात लिटरमागे ३०० मिलीग्रॅमच्या आसपास पी२ओ५ लागतं. कमी असेल तर रस गढूळ राहतो आणि कारखान्याला वरून फॉस्फोरिक अॅसिड टाकावं लागतं. स्फुरदाला भुकेला ऊस गाळपालाही त्रास देतो तो असा.

पाणी कमी असलेल्या रानात फायदा होतो का?

काही प्रमाणात हो. माती सुकत गेली की स्फुरद मुळापर्यंत सरकणं आणखी मंदावतं आणि तेव्हा धाग्यांची पोच जास्त उपयोगी पडते, शिवाय धागे मातीचे कण बांधून ठेवतात. पण बुरशी पाण्याला पर्याय नाही. उलट टोकाला, पाणी साचून राहणाऱ्या रानात ती गुदमरते, तिला हवा लागते. अशा रानात आधी चर काढा, पॅकेट नंतर.

एकदा टाकला की दरवर्षी टाकावा लागतो का?

रानात सतत मुळं असतील तर नाही. लागण, दोन-तीन खोडवे, मग ताग किंवा चवळी आणि परत लागण असा फेर असेल तर बुरशी टिकते, ताग-चवळीच्या मुळातही ती वाढते. मध्ये मोहरी किंवा कोबी घेतला, किंवा रान वर्षभर नांगरून उघडं ठेवलं, तर पुढच्या लागणीला परत टाकायचा विचार करा. आणि माती दर लागणीच्या आधी तपासा, कारण सुपर-डीएपी वर्षानुवर्षं टाकलेल्या रानात स्फुरद हळूहळू "जास्त" मध्ये गेलेलं असतं आणि तिथे तर दोन्ही बॅगा दुकानातच राहिलेल्या बऱ्या.